कातरणीवाचूनचा कळप: कटाडिन मेंढीच्या पैदाशीचे प्रकरण

१९५७ सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील ॲबट येथील एका शेतावर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावरून तीन मेंढरे आणली गेली. त्यांच्या अंगावर लोकर नव्हती, आखूड केस होते. शेताचे मालक मायकेल पील हे हौसेने आनुवंशशास्त्राचा अभ्यास करणारे पशुपालक होते. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या केसाळ मेंढ्यांची छायाचित्रे त्यांनी एका मासिकात पाहिली होती, आणि वीजवाहिन्यांच्या तारांखाली माजणारा झाडोरा फवारणी करून किंवा यंत्राने कापून काढण्याऐवजी अशा मेंढ्यांकडून चारून घ्यावा, अशी त्यांची सुरुवातीची कल्पना होती. पुढच्या जवळजवळ वीस वर्षांच्या संकरातून आणि निवडीतून जी जात उभी राहिली तिला त्यांनी मेनमधल्या १,६०६ मीटर उंचीच्या कटाडिन पर्वताचे नाव दिले.

हे प्रकरण मी निवडले आहे ते त्यातील यशासाठी नव्हे, तर त्यातल्या कामाच्या क्रमासाठी. लोकर आपोआप झडणारा नर लोकरीच्या मेंढ्यांवर सोडला की काही वर्षांत कातरणीची कटकट संपते, अशी समजूत अनेक कळपमालकांत आढळते. पील यांचे उदाहरण नीट पाहिले तर वेगळेच दिसते. झडण्याचा गुण कळपात आणणे हे एका हंगामाचे काम आहे, परंतु लोकर कळपातून घालवणे हे निवडीचे, नोंदींचे आणि पुष्कळ सबुरीचे काम आहे, आणि ते करताना मांसाचा गुण हातचा जाऊ न देणे ही त्यातली खरी परीक्षा आहे.

या निर्णयाचा काळही लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत १९५४ साली राष्ट्रीय लोकर कायदा झाला होता आणि त्यानुसार लोकर विकणाऱ्या मेंढपाळाला सरकारकडून प्रोत्साहनपर रक्कम मिळत असे, म्हणजे ज्या काळात लोकर वाढवण्यासाठी पैसे दिले जात होते त्याच काळात पील लोकर नसलेल्या मेंढीच्या शोधात निघाले. दुसरीकडे कृत्रिम धागे बाजारात जम बसवत होते. देशातील मेंढ्यांची संख्या १९४२ मध्ये साडेपाच कोटींच्या वर होती, ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस ३ कोटींच्या आसपास आली होती. मेंढीपालनात प्रगती करायची असेल तर निवड लोकरीसाठी नव्हे, मांसासाठी केली पाहिजे, अशी पील यांची खात्री झाली होती. अनुदानाच्या हिशेबाने पाहिले तर हा घाट्याचा निर्णय होता. जनावराच्या हिशेबाने पाहिले तर मला तो अत्यंत स्वच्छ विचारातून आलेला वाटतो.

मांसासाठी मेंढी पाळणाऱ्याच्या दृष्टीने लोकर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. वर्षातून किमान एकदा प्रत्येक मोठी मेंढी धरून, बसवून, कातरावी लागते; शेपटीखालची आणि मांड्यांमधली लोकर व्यायच्या आधी किंवा माश्यांच्या हंगामाआधी वेगळी काढावी लागते; ती ओली आणि विष्ठेने माखलेली राहिली तर हिरवी माशी तिथे अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत कातडीत किडे पडतात. ज्याने असे जनावर एकदा पाहिले आहे त्याला ते विसरता येत नाही. मेंढी शेपटी झटकते, मागे वळून मांडीला चावा घेण्याचा प्रयत्न करते, चरणे सोडून एकटी उभी राहते, आणि वरून ओलसर काळपट दिसणारी लोकर बोटांनी बाजूला केली की खाली अळ्यांची दाटी वळवळताना दिसते. हे टाळण्यासाठी शेपट्या छाटायच्या, औषधे मारायची आणि माणसे लावायची. लोकरीतून हा खर्च भरून निघत असेल तोवर हे सारे ओघाने येते. निघत नसेल तर तो मांसाच्या उत्पन्नावरचा निव्वळ भार होतो.

यातली एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. मांसासाठी विकले जाणारे कोकरू बहुतेक वेळा पहिल्या कातरणीपूर्वीच कळपातून जाते. त्याच्या अंगावर लोकर आहे की केस, याने मालकाच्या कातरणीच्या खर्चात काही फरक पडत नाही. भार असतो तो वर्षानुवर्षे कळपात राहणाऱ्या मेंढीचा. त्यामुळे लोकर झडण्याचा गुण हवा आहे तो आईच्या अंगावर, आणि अंगात भरणारे मांस हवे आहे ते कोकरात. हा भेद स्पष्ट ठेवला तर पैदाशीचे पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

झडणारी लोकर ही नवलाची गोष्ट नाही. उलट न झडणारी लोकर हीच माणसाने घडवलेली गोष्ट आहे. रानटी मेंढ्यांच्या अंगावर बाहेरून राठ केस आणि आत हिवाळ्यापुरती मऊ लव असते, आणि ती लव वसंतात गळून जाते. माणसाने मेंढी पाळल्यानंतर फार मोठा काळ लोकर कातरली जात नव्हती. ती झडायच्या वेळी हाताने उपटून गोळा केली जात असे. वर्षभर अखंड वाढत राहणारी लोकर ही शेकडो पिढ्यांच्या निवडीचे फळ आहे. म्हणून कळपात झडण्याचा गुण आणणे म्हणजे मेंढीला काही नवे शिकवणे नव्हे, तर जुना क्रम पुन्हा सुरू करून देणे होय.

हा क्रम दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान असताना मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक अधिक काळ स्रवते. दिवस वाढू लागले की त्याचा काळ आखडतो आणि रक्तातील प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक वाढते. केसांच्या मुळांना हा इशारा पोचतो. हिवाळ्यात विसावलेल्या मुळाशी जुन्या तंतूचे टोक कुंचल्यासारखे होऊन सैल बसलेले असते, आणि खालून नवा तंतू उगवू लागला की जुना सुटतो. झडणाऱ्या मेंढीला वसंताच्या मध्यावर हात लावून पाहिल्यास हे बोटांना कळते. मानेवरची लोकर आधी उचलली जाते, पोटाखालची आणि पायांमधली त्याच सुमारास विरळ होते, मग खांद्यांवरून आणि बरगड्यांवरून ती गोधडीच्या फाटक्या कडेसारखी लोंबू लागते. चिमटीत धरून ओढली तर मेंढी दचकतही नाही, कारण ती कातडीला आता धरूनच नसते. तिच्याखाली आखूड, चकचकीत, अंगाला चिकटून बसलेले नवे केस असतात. पाठीचा कणा आणि पुठ्ठा सर्वांत शेवटी मोकळे होतात, आणि ज्या मेंढीत हा गुण अपुरा असतो तिच्या पाठीवर खोगिरासारखा एक पट्टा वर्षभर तसाच राहतो. खरूज किंवा उवांमुळे गळणारी लोकर यापेक्षा अगदी वेगळी दिसते. ती चट्ट्याचट्ट्यांनी जाते, खाली लाल किंवा खपलीची कातडी असते आणि जनावर अंग घासत असते. निवड करणाऱ्याने हा फरक ओळखला नाही तर आजारी मेंढी गुणी म्हणून कळपात राहून जाईल.

पील यांच्या हाती आलेल्या मेंढरांत जमेच्या बाजूला बरेच होते. सेंट क्रॉयच्या मेंढ्या उष्ण, दमट हवेत आणि बेताच्या चाऱ्यावर टिकणाऱ्या, जुळी देणाऱ्या आणि पोटातील जंतांना चांगल्या तोंड देणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात. खर्चाच्या बाजूला त्यांचा लहान बांधा, संथ वाढ आणि मांड्यांवरचे अपुरे मांस होते. उष्ण कटिबंधातील अशा मेंढ्या चरबीही कातडीखाली कमी आणि पोटाच्या आत, मूत्रपिंडांभोवती अधिक साठवतात. शिवाय ४५ अंश उत्तर अक्षांशावरच्या मेनमधील हिवाळा त्यांच्या मूळ हवेच्या अगदी उलट. मांस आणि वाढ आणण्यासाठी पील यांनी ब्रिटिश वंशाच्या जाती वापरल्या, त्यांत सफोकवर विशेष भर होता. केसाळ मेंढीचे आवरण, सुपीकता आणि काटकपणा एका बाजूने, मांसल बांधा आणि वाढीचा वेग दुसऱ्या बाजूने, असा त्यांचा आराखडा होता.

आराखडा सोपा वाटतो. त्याची अंमलबजावणी तशी नव्हती. पहिल्या पिढीत दोन्हीकडचे निम्मे निम्मे रक्त येते आणि अंगावरचे आवरण धड लोकर नाही, धड केस नाही असे होते. ते बहुधा अर्धवटच झडते. पील यांनी संकरित मेंढ्या पुन्हा एकमेकींच्या वंशात आणि मूळ जातींशी सर्व प्रकारच्या जोड्यांनी लावून पाहिल्या, आणि प्रत्येक पिढीतून हवी ती जनावरे वेचत गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या मनातल्या नमुन्याच्या जवळ आलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून एक कळप केला. तोच कटाडिनचा पाया.

इथे संकरजोमाचा विचार अपरिहार्य आहे. दोन दूरच्या जातींची पहिली पिढी आईबापांच्या सरासरीपेक्षा जोमदार निघते, कोकरे अधिक जगतात आणि मेंढ्या चांगल्या आया ठरतात. पहिल्या पिढीची मेंढी पुन्हा बापाच्या जातीच्या नराला लावली की हा जोम निम्मा राहतो, त्यापुढच्या पिढीत पाव. ज्यांनी पहिल्या पिढीची कोकरे पाहून आनंद मानला ते तिसऱ्या पिढीत निराश होतात आणि नर खराब निघाला असे म्हणतात, प्रत्यक्षात नर तोच असतो आणि उतरलेला असतो तो जोम. दोन जातींचा संकर आपापसांत लावत नेला तर पहिल्या पिढीतल्या जोमाचा निम्मा भाग टिकतो. चार जातींचे रक्त सारख्या प्रमाणात मिसळून आपापसांत लावत नेले तर तीन चतुर्थांश. पील यांनी एकाच जातीकडे मागे वळत जाण्याऐवजी अनेक जातींची मिसळण केली, आणि माझ्या मते त्यांच्या कळपाची तग त्यातूनच आली. दुसरे असे की ज्या आयातीत केवळ तीन जनावरे आहेत तिच्यावर शुद्ध पैदास उभी करता येत नाही. दोन-तीन पिढ्यांतच बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्या लावाव्या लागतात, आणि बाप-लेकीच्या जोडीतून झालेल्या कोकराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एकाच पूर्वजाकडून एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती येण्याची शक्यता, २५ टक्के असतो. बाहेरचे रक्त घेणे ही मांसाची गरज होती, तशीच ती जगण्याचीही गरज होती.

झडण्याच्या गुणाची आनुवंशिकता समजून घेतल्यावर वीस वर्षे का लागली हे उमगते. विल्टशायर हॉर्न या आपोआप लोकर झडणाऱ्या ब्रिटिश जातीच्या रक्तातून वेल्समध्ये घडवलेल्या ईझीकेअर मेंढ्यांच्या कळपावर २०१० च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी या गुणामागे मोठ्या परिणामाचे एक प्रभावी, म्हणजे एकाच प्रतीनेही गुण दाखवणारे, जनुक असावे, असे दाखवले. त्याच्या जोडीला लहान परिणामाची इतर अनेक जनुके, वय, पोषण आणि दूध पाजण्याचा ताण यांचाही हातभार असतो. प्रभावी जनुक म्हटले की काम सोपे होईल असे वाटते. प्रत्यक्षात निवड करणाऱ्याची अडचण तिथेच सुरू होते. प्रभावी गुणाची एक प्रत असलेले जनावर आणि दोन प्रती असलेले जनावर डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. पहिल्या पिढीतील नर आणि मादी एकमेकांना लावले तर चारांतले एक कोकरू झडण्याच्या जनुकावाचून जन्मते, आणि जी तीन झडणारी निघतात त्यांतल्या दोघांच्या अंगात न झडण्याची प्रत दडलेली असते. न झडणारी जनावरे दरवर्षी काढून टाकली तरी ती दडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते आणि अधूनमधून एखादी पक्की लोकरीची मेंढी जन्माला येते.

यावर उपाय नराची परीक्षा हाच. संशयित नर काही पक्क्या लोकरीच्या मेंढ्यांना लावायचा. त्याच्याजवळ एकच प्रत असेल तर सरासरीने निम्मी कोकरे न झडणारी निघतील. अशा सात कोकरांपैकी सातही केवळ योगायोगाने झडणारी निघण्याची शक्यता १२८ मध्ये १ एवढीच आहे, म्हणून सातही झडली तर नरावर बऱ्यापैकी विश्वास टाकता येतो. मात्र कोकरे वर्षाची होईपर्यंत थांबावे लागते. पहिल्याच वर्षी त्यांचे आवरण फसवे असते. दाट कुरळ्या लोकरीत जन्मलेले कोकरू दुसऱ्या वसंतात स्वच्छ झडते आणि गुळगुळीत जन्मलेल्याच्या पाठीवर पुढे पट्टा राहतो. शिवाय प्रभावी जनुकाचा परिणाम दर वेळी पुरता उमटत नाही, त्यामुळे एखाद्या अर्धवट झडलेल्या कोकरावरून नराला लगेच दोषी ठरवणेही योग्य नाही.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर पील यांनी एक दुरुस्ती केली आणि ती मला या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. कळप झडत होता, सुपीक होता, पण आकाराने कमी पडत होता आणि मांसाची प्रतही सुधारणे गरजेचे होते. आकार वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुन्हा सफोकसारखा मोठा लोकरीचा नर वापरणे; त्याने वजन आले असते आणि आवरणासाठी केलेले बरेचसे काम वाया गेले असते. त्याऐवजी त्यांनी इंग्लंडमधील विल्टशायर हॉर्न ही जात आणली. ही जुनी ब्रिटिश जात मांसल आहे, मोठी आहे आणि तिची लोकर आपोआप झडते. म्हणजे कमतरता भरून काढताना मिळवलेला गुण पणाला लावावा लागला नाही. याची किंमतही होती. विल्टशायर हॉर्नमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगे असतात, आणि नको असलेली ती शिंगे या रक्ताबरोबर कळपात आली. ती काढून टाकण्यासाठी निवडीचा आणखी एक निकष वाढला.

निकष वाढला की काय होते, याचा हिशेब प्रत्येक पैदासकाराने एकदा तरी कागदावर मांडावा. समजा, शंभर मेंढ्यांच्या कळपातून दूध तुटेपर्यंत १२० कोकरे वाढली. त्यांतल्या ६० माद्या. जुन्या आणि भाकड मेंढ्यांच्या जागी दरवर्षी २० ते २५ माद्या लागतात. सुरुवातीच्या पिढ्यांत स्वच्छ झडणाऱ्या माद्या एक तृतीयांश असतील, तर त्या वीसच होतात, आणि त्या सगळ्या ठेवाव्या लागतात. मग वाढ, बांधा, पाय, आईपण यांसाठी निवडायला काही उरतच नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या चार गुणांसाठी प्रत्येकी वरचा निम्मा भाग ठेवायचा म्हटले तर सोळांतले एकच जनावर उरते. जो मालक पहिल्या दोन पिढ्यांत मादीच्या पाठीवरचा पट्टा पाहून तिला बाद करतो तो बहुधा आपल्या कळपातली उत्तम दुधाळ मेंढी विकून टाकतो आणि स्वच्छ अंगाची कृश मेंढी ठेवतो. माझे मत असे की सुरुवातीला आवरणाची सारी कठोरता नरांवर खर्च करावी. नर थोडे लागतात, त्यामुळे त्यांच्यात निवडीला वाव मोठा असतो आणि एका नराचा परिणाम दरवर्षी पन्नासएक कोकरांवर पडतो. माद्यांमध्ये दोन-तीन पिढ्या वाढ आणि आईपण आधी पाहावे, आवरणाच्या बाबतीत केवळ जराही न झडणाऱ्या माद्या काढाव्यात, आणि झडणाऱ्यांची संख्या गरजेच्या दुप्पट झाल्यावर मग पट्ट्याकडे वळावे.

पील १९७६ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी बार्बरा पील यांनी काम पुढे नेले, आणि हेफर प्रोजेक्ट इंटरनॅशनल या संस्थेच्या सहभागाने १९८५ साली या जातीची संघटना स्थापन झाली. नोंदणीचे काम त्यानंतरच्या दोन वर्षांत सुरू झाले. या संघटनेने आवरणाचे वर्ग ठरवले: पूर्ण झडणारे ए आणि एए, काही लोकरीचे तंतू टिकवून ठेवणारे बी, आणि कायम लोकरीचे सी. दुसऱ्या जातीच्या मेंढ्यांपासून श्रेणी वाढवत येणाऱ्यासाठीही दार उघडे ठेवले. साडेसत्त्याऐंशी टक्के, म्हणजे आठांतले सात भाग कटाडिन रक्त झाले आणि आवरण तपासणीत उतरले तर ते जनावर शुद्ध म्हणून नोंदवता येते. यातला 'आणि' फार मोलाचा आहे. रक्ताचे प्रमाण कागदावर पुरे झाले तरी अंगावर लोकर राहिली तर ते चालत नाही, आणि अंग स्वच्छ असले तरी वंशावळ अपुरी असेल तर तेही चालत नाही. लोकरीचे अनुदान बंद करण्याचा कायदा १९९३ मध्ये झाला आणि १९९५ च्या हंगामानंतर ते थांबले. पील यांनी ज्या मेंढीवर भर दिला होता तिच्याकडे वळण्याचे कारण तेव्हा इतरांना मिळाले. आज कटाडिन ही अमेरिकेत सर्वाधिक नोंदणी होणाऱ्या मेंढ्यांच्या जातींपैकी एक आहे.

आजच्या कळपमालकाला पील यांच्याइतकी वर्षे घालवण्याची गरज नाही, कारण झडणाऱ्या मांसल जाती आता तयार आहेत. तरी लोकरीचा कळप हळूहळू पालटायचा असेल तर काळाचा अंदाज चुकवू नये. मेंढी दोन वर्षांची होऊन पहिल्यांदा विते असे धरले, तर पहिल्या वर्षी निम्म्या रक्ताची कोकरे जन्मतात, तिसऱ्या वर्षी पाऊण रक्ताची आणि पाचव्या वर्षी आठांतल्या सात भागांची. त्यांचे आवरण पाहून निर्णय घ्यायला सहावे वर्ष उजाडते. तोवर कळपातल्या जुन्या मेंढ्या संपलेल्या नसतात. सगळा कळप पालटायला दशकभर लागू शकतो. वर्षाच्या आतच माद्या नराला लावल्या तर हा काळ पुष्कळ आखडतो, मात्र त्यासाठी त्यांची वाढ चांगली असावी लागते आणि व्यायच्या वेळी अधिक लक्ष द्यावे लागते.

या काळातला मधला टप्पा सर्वांत कठीण आहे, आणि बहुतेक प्रयत्न तिथेच सोडून दिले जातात. निम्म्या रक्ताच्या मेंढीची लोकर विकण्याजोगी राहत नाही; तिच्यात राठ केस मिसळलेले असतात, ठिकठिकाणी तुटलेली असते. परंतु तिच्या पाठीवर आणि मांड्यांवर जे राहते ते कातरावेच लागते, आणि कातरणारा मजुरी डोक्यामागे घेतो, लोकरीच्या वजनामागे नव्हे. म्हणजे उत्पन्न आधी जाते आणि खर्च नंतर. हा खड्डा आधीच हिशेबात धरला पाहिजे. त्याचबरोबर शेजारी किंवा त्याच शेतावर चांगल्या लोकरीचा कळप असेल तर या मेंढ्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, कारण झडलेले राठ केस कुंपणावर, गोठ्यात, गवतावर राहतात आणि तिथून दुसऱ्या मेंढ्यांच्या लोकरीत शिरले की ती लोकर दुय्यम ठरते.

आवरणाची नोंद वर्षातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात, झड संपत आल्यावर घ्यावी. मेंढ्या अरुंद गल्लीत उभ्या कराव्यात आणि कानातला क्रमांक वाचून अंगाचा किती भाग मोकळा झाला याचा ० ते ५ असा अंक लिहावा. नुसत्या नजरेवर न जाता पाठीच्या कण्यावर आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवावीत, कारण आखूड लोकर दुरून केसांसारखी दिसते. त्याच ओळीत ती मेंढी त्या वर्षी एक पाजत होती की दोन, आणि तिचे अंग कसे होते, हे लिहिले नाही तर अंकाचा अर्थ लागत नाही. जुळी पाजून कृश झालेली मेंढी उशिरा आणि अपुरी झडते. गाभण न राहिलेली, चरबी धरलेली मेंढी लवकर आणि स्वच्छ झडते. नोंदवहीत केवळ आवरणाचे अंक असले तर दुसरीला पाच आणि पहिलीला तीन मिळतात, आणि ज्या मेंढीने कळपाला दोन कोकरे दिली ती बाजाराच्या गाडीत चढते.

कळप पालटल्यानंतर सगळ्या मेंढ्या झडणाऱ्या नरालाच लावण्याची गरज नसते. गरजेपुरत्या माद्या मिळतील एवढ्या मेंढ्या, विशेषतः उत्तम आया, झडणाऱ्या नराला लावाव्यात आणि उरलेल्या मेंढ्यांवर सफोक किंवा टेक्सेलसारखा मांसल नर सोडावा. त्यांची कोकरे लोकरीची निघाली तरी ती कातरणीपूर्वी विकली जाणार आहेत, आणि दोन जातींच्या मिलाफाचा जोम त्यांच्या वजनात उतरतो. पैदासीच्या माद्या आणि विक्रीची कोकरे यांच्या खुणा मात्र जन्मल्यादिवशीच वेगळ्या कराव्यात; पुढे एखादी देखणी लोकरीची मादी चुकून कळपात ठेवली गेली तर तिच्या लेकींतून ती लोकर परत येते.

झडण्याने काय सुटत नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण सोप्या निगेची मेंढी या शब्दांत खूप काही गृहीत धरले जाते. किडे पडण्याचा धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो, कातरणीचा ताण आणि जखमा टळतात. पण खुरे तशीच वाढतात, पाय तसेच कुजतात, कोकरू अडले तर हात तसाच घालावा लागतो. जंतांच्या बाबतीत तर जातीच्या नावावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. सेंट क्रॉयच्या रक्तातून रक्तशोषक जंताला तोंड देण्याची जी क्षमता आली तिच्यासाठी मेनच्या थंडीत फारशी कसोटी नव्हती, आणि आवरण व आकार यांसाठी निवड चालू असताना ती काही वंशांत टिकली, काहींत पातळ झाली. म्हणूनच अमेरिकेतील कटाडिनचे अनेक पैदासकार आज कोकरांच्या विष्ठेतील जंतांची अंडी मोजून त्या आकड्यांवरून नरांचे आनुवंशिक मूल्य, म्हणजे हा गुण त्यांच्या संततीत किती उतरेल याचा अंदाज, काढतात. नमुना दूध तुटताना आणि त्यानंतर काही आठवड्यांनी असा दोनदा घेतात, प्रत्येक कोकराचा स्वतंत्र घेतात, आणि नर विकत घेणारा आवरणाच्या वर्गाबरोबर तो आकडाही विचारतो.